पुणे जिल्ह्याएवढी जमीन, साडेपाच हजार माणसे : नेब्रास्काच्या चेरी काउंटीत पाच दिवस

२०११ च्या जनगणनेत प्रगणक म्हणून माझ्याकडे जुन्नर तालुक्यातल्या एका गावाचा गट आला होता. त्यात दीडशेच्या आसपास घरे आणि साडेसहाशेहून थोडी अधिक माणसे होती, आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत पायी जायला पंधरा मिनिटे पुरत. भूगोलाचा शिक्षक म्हणून लोकसंख्येची घनता मी तीस वर्षे फळ्यावर शिकवली होती, पण ती अंगाने समजली ती फेब्रुवारीतल्या त्या फेऱ्यांत, एका भिंतीला लागून तीन-तीन कुटुंबांची नावे लिहिताना.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही उभयता ओमाहाला लेकीकडे गेलो, तेव्हा तिथल्या भिंतीवर नेब्रास्का राज्याचा नकाशा टांगलेला होता. राज्यात एकूण ९३ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. पूर्वेकडच्या काउंट्या पाटीवरच्या चौकोनांसारख्या लहान आणि नेटक्या दिसतात. उत्तरेला, साउथ डकोटाच्या सीमेला चिकटून, एक मात्र त्यांच्या कित्येक पट मोठी आहे. तिचे नाव चेरी. तिचे क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे अमेरिकेच्या कनेक्टिकट या अख्ख्या राज्याहून अधिक आणि आमच्या पुणे जिल्ह्याच्या जवळपास तंतोतंत बरोबरीचे. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ९४ लाखांच्या वर होती. चेरी काउंटीची २०२० सालची लोकसंख्या ५,४५५ आहे. माझ्या हातच्या गटासारखे आठ-नऊ गट संपूर्ण पुणे जिल्ह्यावर पसरून टाकले, तर माणसे कशी आणि कशाच्या आधारावर राहतील, हे पाहिल्यावाचून मला चैन पडेना. जावईबापूंनी पाच दिवसांची सुटी काढली.

पहिला दिवस : ओमाहा ते व्हॅलेंटाइन

ओमाहाहून चेरी काउंटीचे मुख्य गाव व्हॅलेंटाइन सुमारे ४८० किलोमीटर आहे. सकाळी सातला निघालो. नॉरफोकपर्यंत मका आणि सोयाबीन यांखेरीज काही दिसत नाही, आणि दर मैलाला काटकोनात एक रस्ता फुटतो. एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीदारांनी एक मैल लांब आणि एक मैल रुंद असे चौकोन आखून ही सारी जमीन वाटली. त्या चौकोनाला इथे 'सेक्शन' म्हणतात आणि एका सेक्शनमध्ये ६४० एकर जमीन असते. हा आकडा पुढे वारंवार येणार होता.

ओनील हे गाव मागे पडल्यावर मका विरळ झाला आणि कुरणे वाढली. एन्सवर्थ आणि जॉन्सटाउन या गावांच्या मध्ये कोठेतरी आम्ही १०० अंश पश्चिम रेखांश ओलांडला. ही रेषा मी मुलांना नकाशात दाखवत असे. ती प्रत्यक्षात ओलांडताना मी गाडी थांबवायला सांगितली आणि दोन्ही बाजूंचे गवत पाहिले. पश्चिमेकडचे गवत आखूड आणि करडे होते. या रेषेच्या आसपास वर्षाचा पाऊस २० इंचांच्या, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या घरात येतो आणि पश्चिमेकडे आणखी उतरत जातो. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ सालच्या आपल्या सरकारी अहवालात स्पष्ट लिहिले होते की, या पट्ट्याच्या पश्चिमेला १६० एकरांच्या शेतावर कुटुंब जगणार नाही. जिथे केवळ चराई शक्य आहे तिथे एका कुटुंबाला २,५६० एकर, म्हणजे चार सेक्शन, द्यावेत. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढच्या चार दिवसांत जे पाहिले, त्यातल्या निम्म्या गोष्टींचे उत्तर या न ऐकलेल्या सल्ल्यात आहे असे मला आज वाटते.

दुपारी व्हॅलेंटाइनला पोहोचलो. २०१० साली या गावची लोकसंख्या २,७३७ होती, म्हणजे काउंटीतली जवळपास निम्मी माणसे या एका गावात होती. न्यायालय, रुग्णालय, माध्यमिक शाळा, ट्रॅक्टर दुरुस्ती, गुरांचा लिलाव, किराणा सारे इथेच. रेल्वे १८८३ साली इथे आली आणि त्याच वर्षी काउंटी स्थापन झाली. गावाला नाव मिळाले ते एडवर्ड व्हॅलेंटाइन या काँग्रेस सदस्याचे. पण पदपथावर लाल हृदये रंगवलेली आहेत आणि फेब्रुवारीत इथल्या टपाल कार्यालयाचा शिक्का आपल्या पत्रावर पडावा म्हणून दूरदूरची माणसे पत्रे पाठवतात. काउंटीचे नावही फळावरून आलेले नाही. सॅम्युएल चेरी नावाचा एक तरुण लेफ्टनंट १८८१ साली मारला गेला, त्याचे ते नाव.

दुसरा दिवस : नायोब्रारा नदीचे खोरे

सकाळी प्रथम गावाजवळच्या जुन्या रेल्वे पुलावर गेलो. १९९० च्या दशकाच्या आरंभी हा मार्ग बंद पडला आणि रुळांच्या जागी आता सायकलींची वाट आहे. सुमारे ४०० मीटर लांब आणि ४५ मीटर उंच असा हा पूल नायोब्रारा नदीवरून जातो. वर उभे राहिले की मागेपुढे गवताळ माळ दिसतो आणि पायाखाली मात्र झाडांनी गच्च भरलेली अरुंद दरी असते. एकाच जागी दोन मुलूख दिसावेत तसे.

नंतर फोर्ट नायोब्रारा. उत्तरेला काउंटीच्या सीमेपलीकडे रोझबड आरक्षित प्रदेश आहे आणि तिथे सिचांगू लकोटा हे इथले मूळनिवासी लोक राहतात. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी १८८० च्या सुमारास इथे लष्करी ठाणे उभारले गेले आणि १९०६ साली ते बंद झाले. आपण ज्या भूमीला विरळ वस्तीची म्हणतो ती आधी कोणाची होती, हे या ठाण्याच्या जागेवर उभे राहून मनात आल्यावाचून राहत नाही. लकोटांचा सारा संसार बायसनच्या कळपांवर चालत असे, आणि ते कळप या माळावरून अवघ्या काही वर्षांत मारून संपवण्यात आले. १९१२ साली ठाण्याच्या जागेचे अभयारण्य झाले, आणि दुसऱ्या वर्षी एका खासगी कळपातले सहा बायसन आणून इथे सोडले गेले. आम्हाला उतारावर तीसेक बायसन दिसले. त्यांत तांबूस रंगाची नवी पिल्लेही होती. एक मोठा नर धुळीच्या खड्ड्यात लोळून उठला तेव्हा त्याच्या पाठीवरून वाळू ओघळताना स्पष्ट दिसली, इतक्या जवळ तो कुंपणापाशी होता.

दुपारी स्मिथ फॉल्स. नदी ओलांडायला एक जुना लोखंडी पूल आहे, तो व्हर्डिग्री या गावाहून उचलून इथे आणून बसवला आहे. पलीकडे लाकडी वाटेने पाच-दहा मिनिटे चालले की सुमारे १९ मीटर उंचीचा, नेब्रास्कातला सर्वांत उंच धबधबा समोर येतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला १९ मीटरांचे कौतुक वाटू नये. पण त्या पाण्यात मी हात घातला आणि बोटे बधिर झाली. बाहेर ऊन पस्तीस अंशांचे होते. हे पाणी पावसाचे वाहून आलेले नव्हे. दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस वाळूतून खाली मुरतो, ओगल्लाला या प्रचंड भूजलसाठ्यात जाऊन मिळतो आणि नदीने जिथे खोलवर खडक कापला आहे तिथे कड्यातून बाहेर पडतो. त्यामुळे बाराही महिने तो जवळपास तेवढाच वाहतो. दिवाळी उलटली की आमचे ओढे कोरडे पडतात, कारण आमचा काळा पाषाण पाणी धरत नाही. इथे मात्र प्रवाहाला ऋतू जवळजवळ नाहीत.

या गारव्याच्या आश्रयाने धबधब्यापाशी पांढऱ्या सालीचे बर्च वृक्ष टिकून राहिले आहेत. त्यांचा मूळ मुलूख शेकडो किलोमीटर उत्तरेला आहे. हिमयुग सरल्यावर ते या सावलीत मागे राहिले. दरीच्या दक्षिण काठावर पूर्वेकडची ओक आणि एल्मसारखी पानझडी झाडे आहेत, तर उत्तरेकडच्या कोरड्या कड्यांवर रॉकी पर्वताकडचे पाँडेरोसा पाइन आहेत. तीन दिशांची जंगले एका नदीच्या काठी येऊन थांबली आहेत. १९९१ साली नदीच्या १२२ किलोमीटरांच्या पट्ट्याला राष्ट्रीय संरक्षण मिळाले, ते याच कारणाने.

तिसरा दिवस : वाळूच्या टेकड्या

ज्यासाठी आलो होतो तो हा दिवस. ८३ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला निघालो आणि नदीचे खोरे सुटताच टेकड्या सुरू झाल्या. त्यांना इथे सँडहिल्स म्हणतात. सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे नेब्रास्काच्या एक चतुर्थांश भागाचा, हा पश्चिम गोलार्धातला वाळूच्या टेकड्यांचा सर्वांत मोठा प्रदेश, आणि चेरी काउंटीचा बहुतांश भाग त्याने व्यापलेला आहे. काही टेकड्या १२० मीटर उंच आणि तीस-तीस किलोमीटर लांब आहेत. वाळवंट म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते ते इथे नाही, कारण हे सारे गवताने झाकलेले आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या दीर्घ अवर्षणात इथली वाळू मोकळी होऊन वाऱ्याबरोबर सरकत होती. नंतर गवताने तिला धरले. गवत म्हणजे इथे केवळ चारा नव्हे, तर तेवढ्या एका पातळ पांघरुणावर अख्ख्या मुलुखाचे स्थैर्य उभे आहे.

एका वळणावर रस्त्याच्या कडेची टेकडी फुटलेली दिसली. उतरून पाहिले. वरच्या काठावर गवताची मुळे झालरीसारखी लोंबत होती आणि खाली पीठ चाळून ठेवल्यासारखी फिकट वाळू होती. हातात घेतली तर मुठीत राहीना. गुरांची वाट, ट्रकचे चाक, एखादी वीज पडून लागलेली आग, एवढे निमित्त पुरते. वारा तेवढ्या फटीतून वाळू उपसू लागतो आणि खड्डा वाढत जातो. त्याला इथले लोक 'ब्लोआउट' म्हणतात आणि त्यात जुने टायर टाकून वारा अडवतात. अशा उघड्या वाळूतच उगवणारी ब्लोआउट पेनस्टेमन नावाची एक जांभळट फुलांची वनस्पती आहे. ती नामशेष झाली असे एकेकाळी मानले गेले होते. १९६८ साली ती पुन्हा सापडली.

पुढे व्हॅलेंटाइन राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य लागते. टेकड्यांच्या मधल्या सखल जागी तळी आहेत आणि त्या तळ्यांना नदी मिळत नाही, त्यांतून नदी निघतही नाही. भूजलाची पातळीच तिथे उघडी पडलेली आहे. काही ठिकाणी या पाणथराची जाडी ३०० मीटरपर्यंत आहे. पायाखाली एवढे पाणी, पण नांगर घातला की वाळू मोकळी होणार. म्हणून पाणी असूनही शेती नाही, असा हा मुलूख आहे. लांब वाकड्या चोचीचे कुरलव पक्षी गवतातून ओरडत उठत होते. रस्त्यावर समोरून येणारा प्रत्येक चालक चाकावरचे एक बोट उचलून नमस्कार करत होता. दुपारपर्यंत आम्हीही बोट उचलू लागलो.

ब्राउनली या वस्तीकडे जाणारा रस्ता एका गाडीपुरताच डांबरी आहे. समोरून कोणी आले तर दोघांनीही उजवी चाके गवतात घालायची. तिथून आत एका कच्च्या वाटेवर आमची गाडी रुतली. मोबाइलला रेंज नव्हती. तासाभराने एक ट्रक आला. ट्रकमधल्या पंचाहत्तरीच्या बाईंनी काही न विचारता साखळी काढली, गाडी ओढून दिली आणि मग विचारले, "इकडे कशाला?" मी सांगितले की मी माणसे मोजत असे, म्हणून माणसे नसलेली जागा पाहायला आलो. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग घरी चला."

त्यांचे घर तिथून अकरा किलोमीटर आत होते. वाटेत पाच ठिकाणी कुंपण ओलांडावे लागले. तिथे फाटक नसते. जमिनीत खड्डा करून वर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात, गाडी जाते पण गुरांचा पाय धजत नाही. त्याला त्या 'ऑटोगेट' म्हणत होत्या. प्रत्येक कुरणात एक पवनचक्की, तिच्याखाली गोल पत्र्याचा हौद आणि हौदाभोवती काळ्या गायी. मी विचारले की एका गायीला किती जमीन लागते. "वासरासकट वीस एकर. पाऊस रुसला तर जास्त. आमच्याकडे किती एकर आहेत हे विचारू नका. तसे विचारणे म्हणजे बँकेत किती पैसे आहेत ते विचारण्यासारखे आहे." मला आपली चूक उमगली आणि मी क्षमा मागितली. पण हिशेब मात्र मनात सुरू झाला होता. ६४० एकरांच्या सेक्शनवर बत्तीस गायी. बत्तीस गायींवर एक कुटुंब जगत नाही.

आणि नेमके तेच इथे करून पाहिले गेले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत असत. टेकड्यांत त्यावर कोणी टिकेना, आणि मोठे गुरेवाले सरकारी जमिनीलाच कुंपण घालून वापरत होते. ओनीलचे काँग्रेस सदस्य मोझेस किन्केड यांच्या प्रयत्नाने १९०४ साली नवा कायदा झाला. त्यानुसार पश्चिम नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांत पाच वर्षे वस्ती करणाऱ्याला ६४० एकर मिळू लागले. पॉवेलने सांगितलेल्या क्षेत्राच्या हा बरोबर एक चतुर्थांश. माणसे लोटली. चेरी काउंटीची लोकसंख्या १९०० साली ६,५४१ होती, ती १९१० साली १०,४१४ झाली आणि १९२० साली ११,७५३ वर गेली. लाकूड नव्हते म्हणून लोकांनी गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळे कापून घरे बांधली. त्यांनी मका पेरला आणि वाळू उडाली. १९२० नंतरच्या सलग दहा जनगणनांत काउंटीची लोकसंख्या एकदाही वाढलेली नाही.

बाईंच्या आजोबांनी १९०८ साली सेक्शन घेतला होता. शेजारी निघून जाऊ लागले तसतसे त्यांनी एकेक सेक्शन विकत घेतला. जेवणाच्या टेबलावर त्यांनी कुरणांचा हाताने काढलेला नकाशा पसरला. प्रत्येक कुरणाला एक आडनाव होते. "ही माणसे कुठे गेली ते आम्हाला ठाऊक नाही. पण सकाळी नवरा विचारतो, कालवडी कुठल्या कुरणात आहेत, तर मी त्यांचीच नावे सांगते." माझी सौ. त्या नकाशावर बोट ठेवून नावे मोजू लागली. ती सतरा होती. माझ्या घरयादीत सतरा घरे एका गल्लीत मावत.

परतताना ८३ क्रमांकाच्या रस्त्यालगत डिविटी या वस्तीचा स्मृतिफलक पाहिला. किन्केड कायद्याखाली १९०७ पासून इथे, उत्तर लूप नदीच्या काठी, कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमिनी घेतल्या. त्यांतल्या काहींचे पूर्वज गुलामीतून सुटून कॅनडात गेले होते आणि तिथून त्यांचे वंशज नेब्रास्कात आले. शाळा, चर्च, टपाल कार्यालय असे सगळे इथे उभे राहिले. नेब्रास्कातली कृष्णवर्णीयांची ही सर्वांत मोठी शेतवस्ती होती. १९३० च्या दशकापर्यंत तीही रिकामी झाली, कारण वाळूने कोणाचा रंग पाहिला नाही. फलक २०१६ साली बसला. आज त्या जागी गवताखेरीज काही नाही, आणि मला तिथे फार वेळ थांबावेसे वाटले.

त्या दिवशी शंभरेक किलोमीटरांत रस्त्यावरून दिसणारी छपरे मी वहीत टिपली होती. ती अकरा भरली.

चौथा दिवस : पश्चिमेकडची गावे

२० क्रमांकाचा रस्ता जुन्या रेल्वेच्या कडेने जातो आणि गावे त्याच रेषेत ओवलेली आहेत. क्रुक्स्टन, किलगोर, नेन्झेल, कोडी, मेरिमन. पूर्वेला वूड लेक. पाण्यासाठी आणि कोळशासाठी गाडी जिथे थांबे तिथे गाव बसले. २०१० च्या जनगणनेत क्रुक्स्टनमध्ये ६९, किलगोरमध्ये ७७, नेन्झेलमध्ये २०, कोडीत १५४, मेरिमनमध्ये १२८ आणि वूड लेकमध्ये ६३ माणसे होती. सहाही गावांची बेरीज ५११ होते, आणि त्यात व्हॅलेंटाइन मिळवले तर ३,२४८. काउंटीची त्या वर्षीची लोकसंख्या ५,७१३ होती. म्हणजे अडीच हजारांच्या आसपास माणसे कोणत्याही गावात नसून कालच्या बाईंसारखी टेकड्यांच्या आत राहतात. आपल्याकडे गावाबाहेर राहणारा तो वस्तीवरचा. इथे दहातली चार माणसे वस्तीवरची आहेत.

व्हॅलेंटाइन आणि कोडी यांच्या मध्ये घड्याळ एक तास मागे करावे लागते, कारण काउंटीच्या मधूनच कालविभागाची सीमा जाते. पश्चिमेकडच्या माणसाला न्यायालयात दहाला हजर राहायचे असेल, तर ते त्याच्या घड्याळातले नऊ असतात.

कोडी गावाने माझे मन जिंकले. वेशीवरच्या पाटीवर, हे गाव मरायला तयार नाही अशा अर्थाचे शब्द आहेत. किराण्याचे दुकान बंद पडल्यावर दूध-पावासाठी लोकांना साठ किलोमीटर दूर व्हॅलेंटाइनला जावे लागे. शाळेतल्या मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून पेंढ्याच्या गाठी रचून भिंती उभारल्या, त्यांवर गिलावा केला आणि २०१३ साली आपले दुकान सुरू केले. हिशेब, मागणी, गल्ला सारे विद्यार्थी पाहतात.  आम्ही बटाटे, कांदे आणि दही घेतले. गल्ल्यावर दहावीतली एक मुलगी होती. तिच्या वर्गात किती मुले आहेत असे विचारले, तेव्हा तिने बोटांवर मोजून सांगितले. शिक्षक म्हणून साठ-साठ मुलांचे हजेरीपट भरलेला मी माणूस. एकेका मुलाची उणीव गावाला किती जाणवत असेल, याचा विचार तिथून निघाल्यावरही जाईना.

मेरिमनला बाउरिंग कुटुंबाची रँच आता राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे. ईव्हा बाउरिंग या रँचच्या मालकीणबाई १९५४ साली नेब्रास्काच्या पहिल्या महिला सिनेटर झाल्या आणि त्या वर्षीच काही महिन्यांनी परत येऊन गुरांत रमल्या. मातीच्या ढेकळांच्या घराची एक प्रतिकृती तिथे आहे. आत शिरल्यावर गारवा वाटला आणि आमच्या धाब्याच्या घरांची आठवण झाली.

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गायींची संख्या ज्या काउंटीत अमेरिकेत सर्वाधिक असते ती ही. दीड लाखाहून अधिक गायी, म्हणजे माणशी पंचवीसहून जास्त. माणसांची गणना एवढी लहान असलेल्या या काउंटीला रिकामी म्हणणे मला आता जमत नाही. जमीन पूर्ण भरलेली आहे. ती गवताने आणि गुरांनी भरलेली आहे, आणि माणसे त्या गवताला सोसतील तेवढीच उरली आहेत. १९२० चा आकडा एका कायद्याने फुगवलेला होता. आजचा आकडा मात्र ज्यांना सोसावा लागतो त्यांचे हाल लहान नाहीत. प्रसूतीसाठी शंभर किलोमीटर गाडी हाकावी लागते, हिमवादळात डॉक्टर पोहोचत नाही, आणि मुले शिकून गेली की परतत नाहीत. हे बाईंनी सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

रात्री मेरिट जलाशयाच्या काठी मुक्काम केला. स्नेक नदीवर १९६४ साली धरण बांधून हा जलाशय झाला. दहा वाजता मी टेकडीवर चढून चहूकडे पाहिले. जमिनीवर दोन दिवे होते आणि त्यांतला एक हलत होता. वर आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेली होती, आणि सौ. म्हणाली की लहानपणी आजोळी अंगणात झोपत असे, त्यानंतर ती तिला आज दिसली.

पाचवा दिवस : परत

सकाळी जवळच्या मॅकेल्वी राष्ट्रीय वनात तासभर फिरलो. थिओडोर रूझवेल्ट यांच्या काळात, १९०२ साली, टेकड्यांवर जंगल उभे करण्यासाठी हा प्रदेश राखून ठेवला गेला आणि पाइनची रोपे हाताने लावली गेली. रांगेत लावलेली ती झाडे आजही आहेत, पण वनाच्या मोठ्या भागावर अजूनही गवतच आहे आणि त्यावर गुरे चरतात.

पूर्वेकडे निघालो. वूड लेक गेले, जॉन्सटाउन गेले. एन्सवर्थपाशी सिंचनाच्या लांब नळ्यांखाली मक्याची पहिली शेते लागली आणि दर मैलाला एक घर दिसू लागले; तिथे मी छपरे मोजणे थांबवले.